वर्तनविश्लेषण आणि पालकांचा अधिकार

विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या संगोपनाविषयी समाजात दोन समजुती शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत, आणि त्या परस्परविरोधी असूनही दोहोंचा भार अखेरीस आईवडिलांच्याच माथी येतो. पहिल्या समजुतीनुसार मूल आक्रस्ताळे, हट्टी किंवा अंगावर धावून येणारे झाले असेल तर घरच्यांनी, विशेषतः आईने, लाड करून त्याला बिघडवलेले असते. दुसऱ्या समजुतीनुसार स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असणाऱ्या किंवा विकासात मागे राहिलेल्या मुलाला हाताळणे हे केवळ तज्ज्ञांचे काम असते, आणि पालकांनी मुलाला उपचारकेंद्रात सोडावे, बाहेरच्या बाकावर बसावे आणि वेळ संपली की त्याला घरी न्यावे एवढेच त्यांचे कर्तव्य उरते. एका समजुतीत पालक दोषी ठरतात, दुसरीत अनधिकारी. वर्तनविश्लेषण या शास्त्राचा गेल्या साठ वर्षांतील अनुभव या दोन्ही समजुतींना छेद देणारा आहे. वर्तन कसे घडते हे समजून घेण्याची पद्धत सामान्य पालकांना शिकवता येते, त्यांनी ती शिकली तर मुलाला झालेला लाभ टिकण्याची शक्यता वाढते, आणि त्यांनी ती शिकली नाही तर तज्ज्ञाने घेतलेले कष्ट बरेचदा केंद्राच्या उंबरठ्याशीच थांबतात. मात्र हे ज्ञान पालकांच्या हाती कोणत्या रूपात पडते याला तितकेच महत्त्व आहे. बक्षीस, दुर्लक्ष आणि शिक्षा यांच्या सुट्या युक्त्या म्हणून ते पोहोचले तर मुलाला आज्ञाधारक करण्याचे आणखी एक साधन तेवढे तयार होते. निरीक्षणाची आणि स्वतःचे वागणे तपासण्याची शिस्त म्हणून ते पोहोचले तर घराची मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. या दुसऱ्या रूपात ते मिळणे हा पालकांचा अधिकार आहे, आणि मुलाचाही.

या शास्त्राची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पूर्वार्धात झालेल्या प्रायोगिक मानसशास्त्रात आहेत. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून, ज्या कृतीमागून समाधानकारक परिणाम येतो ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, असा परिणामाचा नियम मांडला. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ या ग्रंथात त्याच दिशेने पुढे जाऊन साधक वर्तनाचा, म्हणजे परिसरात काही बदल घडवणाऱ्या आणि त्या बदलामुळेच पुढे टिकणाऱ्या किंवा मावळणाऱ्या वर्तनाचा, पद्धतशीर अभ्यास उभा केला. प्रयोगशाळेतील हे नियम माणसांच्या दैनंदिन अडचणींना लावून पाहण्याचे प्रयत्न त्यानंतरच्या काळात वाढत गेले, आणि १९६८ साली डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी एका गाजलेल्या निबंधात ‘उपयोजित वर्तनविश्लेषण’ कशाला म्हणावे याचे सात निकष सांगितले. पालकांच्या दृष्टीने त्यांतील दोन निकष कळीचे आहेत. बदलायचे वर्तन हे त्या व्यक्तीच्या जीवनात खरोखर महत्त्वाचे असले पाहिजे, हा एक. आणि घडलेला बदल उपचाराची जागा व वेळ ओलांडून इतर ठिकाणी, इतर माणसांबरोबर टिकला पाहिजे, हा दुसरा. दुसऱ्या निकषाला सामान्यीकरण म्हणतात, आणि तो मान्य केला की घर हे या शास्त्राचे दुय्यम क्षेत्र राहत नाही, कारण मुलाचे बहुतेक आयुष्य घरातच घडत असते.

या पद्धतीचा मूळ घटक तीन भागांचा आहे: वर्तनापूर्वीची परिस्थिती, म्हणजे पूर्वघटक, प्रत्यक्ष दिसणारे आणि मोजता येणारे वर्तन, आणि त्यामागून लगेच येणारा परिणाम. ज्या परिणामामुळे वर्तन पुढे वाढते त्याला प्रबलन म्हणतात. हवेसे काही मिळाल्याने वर्तन वाढले तर ते धन प्रबलन आणि नकोसे काही टळल्याने वाढले तर ते ऋण प्रबलन होय. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असा जो गैरसमज सर्रास आढळतो तो आरंभीच दूर व्हायला हवा, कारण ऋण प्रबलनानेही वर्तन वाढतेच. प्रबलन ठरते ते देणाऱ्याच्या हेतूवरून कधीच ठरत नाही, ते घडलेल्या परिणामावरूनच ठरते. आईने रागावून भरलेला दम हा तिच्या लेखी शिक्षा असला, तरी एरवी कोणाचे लक्ष न लाभणाऱ्या मुलाच्या लेखी तो लक्ष मिळवण्याचा खात्रीचा मार्ग असू शकतो, आणि तसे असेल तर दम भरण्याने खोडी वाढत जाते. पालकांनी शिकायची पहिली गोष्ट ही की आपला हेतू आणि आपल्या कृतीचा मुलावर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पालकांना या कामात सामील करून घेण्याची कल्पना ज्या काळात पुढे आली तो काळ त्यांच्याविषयी फारसा सहृदय नव्हता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केल्यानंतर पुढची दोन-अडीच दशके आईच्या थंड वागण्यामुळे मूल स्वमग्न होते हा विचार प्रबळ होता, आणि ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने त्याला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. मुलाला घरापासून दूर ठेवणे हा त्या विचारातून निघणारा उपाय होता. याच काळात, १९६४ साली, स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेची कारणे जैविक आहेत असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. आणि त्याच वर्षी वुल्फ, रिस्ली आणि हेडन मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. मोतीबिंदूमुळे डोळ्यांतील भिंगे काढावी लागलेल्या या मुलाने चष्मा लावला नसता तर त्याची दृष्टी गेली असती, परंतु तो चष्मा लावू देत नव्हता, आकांत करी आणि स्वतःला इजा करून घेई. संशोधकांनी चष्म्याची नुसती चौकट हाती धरण्यापासून आरंभ करून, त्या दिशेने पडणाऱ्या प्रत्येक लहान पावलाला प्रबलन देत, क्रमाक्रमाने त्याला चष्मा वापरायला शिकवले. अपेक्षित वर्तनाच्या जवळ नेणाऱ्या टप्प्यांना असे बळ देण्याच्या प्रक्रियेला आकार देणे म्हणतात. या हकीकतीतील सर्वांत दूरदर्शी भाग मात्र वेगळा होता: मुलाला घरी पाठवण्यापूर्वी आईवडिलांना रुग्णालयात बोलावून तेच काम त्यांच्या हातून करवून घेतले गेले, आणि घरी गेल्यावरही त्याचे चष्मा लावणे टिकले. ज्या आईवडिलांना एक विचारप्रवाह रोगाचे कारण मानत होता, त्यांनाच दुसऱ्याने उपचाराचे सहकारी केले.

या सहकार्याला किती महत्त्व आहे हे जवळजवळ दशकभराने अधिक स्पष्ट झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील इव्हार लोव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली वीस स्वमग्न मुलांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचारानंतर जी मुले संस्थांमध्ये परत गेली त्यांनी मिळवलेली कौशल्ये बहुतांशी गमावली, आणि ज्यांच्या पालकांना वर्तनविश्लेषणाची पद्धत शिकवलेली होती त्या मुलांची कौशल्ये टिकून राहिली किंवा ती मुले पुढे सरकली. लोव्हास यांचा १९८७ सालचा अभ्यास अधिक प्रसिद्ध आहे. आठवड्याला सुमारे ४० तास शिकवल्या गेलेल्या १९ लहान मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेतील पहिली इयत्ता पार करून सरासरी बुद्ध्यांकापर्यंत पोहोचली, हा त्याचा निष्कर्ष जगभर पसरला आणि अनेक कुटुंबांच्या आशेचा आधार झाला. त्याच्या मर्यादा मात्र तितक्याच पसरल्या नाहीत: मुलांची गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, संख्या अल्प होती, आणि त्या उपचारात मोठ्याने ‘नाही’ म्हणणे व मांडीवर चापट मारणे यांचाही वापर झाला होता. चाळीस तासांचा आकडा दाखवून पालकांना महागडे कार्यक्रम घ्यायला लावणाऱ्या जाहिराती आजही याच अभ्यासाच्या छायेत उभ्या असतात. म्हणून या शास्त्राचा इतिहास त्याच्या उणिवांसह जाणणे हाही पालकशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

पालकांना नुसती माहिती देणे आणि त्यांना प्रत्यक्ष कौशल्य शिकवणे यांतील अंतर २०१५ साली अमेरिकेतील सहा केंद्रांवर झालेल्या एका अभ्यासाने मोजून दाखवले. तीन ते सात वर्षे वयाच्या, स्वमग्नतेसोबत तीव्र वर्तनसमस्या असणाऱ्या १८० मुलांच्या पालकांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला २४ आठवडे स्वमग्नतेविषयी तपशीलवार माहिती मिळाली, दुसऱ्याला तेवढाच काळ वर्तन हाताळण्याची पद्धत सरावासह शिकवली गेली. कोणते मूल कोणत्या गटातले हे माहीत नसलेल्या परीक्षकांच्या मते माहितीच्या गटातील ३९.६ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा झाली, तर प्रशिक्षणाच्या गटात हे प्रमाण ६८.५ टक्के होते. माहितीनेही काही साधते हे या आकड्यांत दिसते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या आणि प्रत्यक्ष करून, चुकून, दुरुस्त होऊन शिकलेल्या पालकांत पडणारा फरकही त्यांत तितकाच स्पष्ट आहे.

हे कौशल्य नेमके कशात आहे, याचे उत्तर वर्तनाच्या कार्याच्या कल्पनेत सापडते. कार्य म्हणजे ते वर्तन त्या मुलाला काय मिळवून देते किंवा कशापासून सोडवते. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या, काळजीपूर्वक रचलेल्या परिस्थितींत ठेवून पाहिले, तेव्हा बाहेरून एकसारखे दिसणारे वर्तन मुलागणिक वेगळ्या कारणाने टिकून असल्याचे आढळले: कोणाला त्यातून मोठ्यांचे लक्ष मिळत होते, कोणाची नकोशा कामातून सुटका होत होती, तर कोणाला बाहेरच्या कोणत्याही प्रतिसादाविना त्या संवेदनेतूनच काही मिळत होते. हवी ती वस्तू किंवा खाऊ मिळणे हे आणखी एक नेहमी आढळणारे कार्य. या शोधाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे, कारण कार्य न ओळखता लावलेला उपाय उलटतो. लिहायला बसवले की वही फाडणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून खोलीबाहेर पाठवले, तर त्याला हवी असलेली सुटका नेमकी त्या शिक्षेतूनच मिळते, आणि दुसऱ्या दिवशी वही अधिक लवकर फाडली जाते. त्याच मुलाला काम लहान तुकड्यांत दिले, मधूनमधून थांबण्याची मुभा दिली आणि थांबायचे असल्यास ते सांगण्याचा एक मार्ग शिकवला, तर वही फाडण्याची गरज उरत नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हाच विचार शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केला: त्रासदायक वर्तन जे काम करते तेच काम करणारा शब्द, खूण किंवा चित्र मुलाला शिकवले की ते वर्तन घटते. याला कार्यात्मक संवादाचे प्रशिक्षण म्हणतात, आणि वर्तनविश्लेषणातून पालकांना मिळणारे हे कदाचित सर्वांत मानवी साधन आहे, कारण मुलाचा आकांत हे एक अपुरे राहिलेले बोलणे आहे हे ते गृहीत धरते.

याच तर्काचा दुसरा भाग पालकांना अधिक अवघड जातो, कारण तो त्यांच्या स्वतःच्या वर्तनाविषयी आहे. मुलाप्रमाणेच मोठ्यांचे वागणेही परिणामांनी घडत असते. बाजारात मुलाने जमिनीवर लोळण घेतली, भोवती माणसे पाहू लागली, आईने घाईने मागितलेली वस्तू हाती दिली आणि आकांत थांबला, या साध्या प्रसंगात मुलाला वस्तू मिळाली आणि आईची लोकांच्या नजरांतून सुटका झाली. दोघांचेही वर्तन त्या क्षणी बळकट झाले. ओरेगॉन येथील जेरल्ड पॅटरसन यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून कुटुंबातील अशा परस्परसक्तीच्या साखळ्यांचे वर्णन केले आणि दोघांचीही चूक नसताना दोघे अधिकाधिक टोकाला कसे ढकलले जातात हे दाखवले. फटका मारण्याची सवयही अशीच जडते, कारण फटक्याने गोंगाट तात्पुरता थांबतो, आणि तेवढ्या शांततेने मारणाऱ्याचा हात बळकट होतो. मूल मात्र काय करावे हे शिकत नाही, फक्त कोणासमोर काय करू नये हे शिकते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळांतील शारीरिक शिक्षेला मनाई केली, परंतु घरातल्या माराचे समर्थन वळण लावण्याच्या नावाखाली चालूच आहे, आणि ज्या मुलाला कारण-परिणामाची सांगड घालणेच कठीण जाते त्याच्या वाट्याला हा मार अधिक येतो. पॅटरसन यांच्या विवेचनाने पालकांवरचा दोष मात्र वाढत नाही, कारण सापळ्याची रचना कळली की त्यात सापडल्याबद्दल स्वतःला अपराधी मानण्यापेक्षा त्याची कोणती कडी प्रथम तोडावी असा उपयुक्त प्रश्न विचारता येतो.

वर्तन कमी करण्यावर सर्वांचे लक्ष जात असले तरी या पद्धतीची खरी समृद्धी कौशल्ये शिकवण्यात आहे. दात घासणे, चड्डी चढवणे, हात धुणे या कृती मोठ्यांना एकसंध वाटतात, पण त्यांत अनेक पायऱ्या असतात. त्या पायऱ्या सुट्या करून मांडणे याला कार्यविश्लेषण, आणि त्या एकेक करून जोडत नेणे याला साखळी शिकवणे म्हणतात. अनेक मुलांना उलट क्रम सोपा जातो: चड्डी गुडघ्यापर्यंत आणि तेथून कमरेजवळ मोठ्यांनी आणून द्यावी, शेवटचा ओढा तेवढा मुलाने घ्यावा, म्हणजे काम पुरे केल्याचा अनुभव पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो, आणि पुढे मोठ्यांचा वाटा मागून पुढे असा कमी होत जातो. हात धरून करवून घेणे, खूण करणे, चित्र दाखवणे, शब्दांनी आठवण देणे अशा मदतीच्या पायऱ्या असतात. त्या दिल्या जातात तशाच नियोजनाने काढूनही घ्याव्या लागतात, नाहीतर मूल कृती करण्याऐवजी मदतीची वाट पाहायला शिकते. प्रत्येक मुलाचे प्रबलक वेगळे असतात, म्हणून ते गृहीत धरून चालत नाहीत. मोकळ्या वेळी मूल कशाकडे वळते, कशापाशी रमते, काय दिल्यावर हात पुढे करते हे पाहूनच ते शोधावे लागतात. आणि या साऱ्याला नोंदीची जोड लागते. बदलाचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी काही दिवस ते वर्तन किती वेळा, किती काळ आणि कोणत्या वेळी घडते याची आधाररेषा वहीत उतरवली, तरच पुढे काही बदलले की नाही हे सांगता येते. थकलेल्या आईला ही नोंद जाच वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून ती दिवसातील एका ठरावीक तासापुरती आणि एकाच वर्तनापुरती असावी. परंतु ती मुळीच नसेल तर घरातील सर्वांत मोठ्या आवाजाचे मत हेच अनुमान ठरते.

अर्धवट ज्ञानाचे धोके येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या वर्तनाला आजवर मिळत आलेले प्रबलन थांबवले की ते वर्तन कालांतराने मावळते, याला विलोपन म्हणतात. पण मावळण्यापूर्वी ते बहुधा काही काळ उसळी घेते, अधिक तीव्र आणि अधिक वारंवार होते. पालकांना याची कल्पना दिलेली नसेल तर दुर्लक्ष करण्याचा सल्ला पाळणारी आई नेमकी उसळीच्या शिखरावर हार मानते, आणि मूल पूर्वीपेक्षा मोठ्या आकांतानेच दाद लागते हे शिकते. जेथे मूल डोके आपटते, स्वतःला चावते किंवा दुसऱ्याला इजा करते, तेथे घरच्या घरी अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीविना विलोपनाचा प्रयोग करणे धोक्याचे आहे. त्याहून आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो वर्तनविश्लेषकाचा नसून डॉक्टरांचा असतो: दात, कान, बद्धकोष्ठता, झोपमोड, अपस्मार यांपैकी काही दुखणे या वर्तनामागे आहे काय? बोलून दुखणे सांगता न येणाऱ्या मुलाचे अचानक बदललेले वागणे हे अनेकदा शरीराचे म्हणणे असते, आणि त्यावर बक्षिसांचा तक्ता लावणे हा अन्यायच होय. त्याचप्रमाणे जेवण, पाणी, जवळ घेणे किंवा सुरक्षितता यांसारख्या मूलभूत गरजा अडवून त्यांचा प्रबलक म्हणून वापर करणे कोणत्याही सबबीखाली समर्थनीय ठरत नाही.

वर्तनविश्लेषणावरील सर्वांत गंभीर आक्षेप तज्ज्ञांकडून नव्हे, तर ज्यांच्यावर त्याचे प्रयोग झाले त्यांच्याकडून आले आहेत, आणि पालकशिक्षणात त्यांना परिशिष्टाची जागा देऊन भागणार नाही. १९६० च्या दशकात काही संशोधकांनी मुलांवर विजेच्या धक्क्यांचाही वापर केला, हा या शास्त्राच्या इतिहासाचा भाग आहे. १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने पालकांना उद्देशून लिहिलेल्या निबंधात, स्वमग्नता हे मुलावर चढलेले कवच नसून त्याच्या असण्याचीच रीत आहे, आणि ती नाहीशी व्हावी ही इच्छा मुलाला आपणच नकोसे आहोत अशी ऐकू येते, असा विचार मांडला. तेव्हापासून अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे की हात फडफडवणे थांबवणे, बळेच डोळ्याला डोळा भिडवणे, अस्वस्थता लपवून ‘नीट’ बसणे यांच्या शिकवणुकीने त्यांना जगण्याचे कौशल्य मिळाले नाही, मिळाला तो मुखवटा वागवण्याचा थकवा. या आक्षेपांवर ‘पूर्वी चुका झाल्या, आता पद्धत बदलली’ एवढेच उत्तर पुरेसे नाही. पद्धत खरोखर बदलली आहे. टेबलापाशी बसवून शेकडो वेळा तोच प्रश्न विचारण्याऐवजी खेळात आणि रोजच्या व्यवहारात, मुलाच्या पुढाकाराच्या मागे जाऊन शिकवणाऱ्या नैसर्गिक पद्धती आज मान्यता पावल्या आहेत. तरीही प्रश्न साधनांपेक्षा साध्याचा आहे. काय बदलायचे हे कोण ठरवतो, हा तो प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर प्रबलनाच्या नियमांतून निघत नाही. ते नैतिक उत्तर आहे.

सुदैवाने त्या उत्तराचे बीज या शास्त्राच्या परंपरेतही आहे. मॉन्ट्रोज वुल्फ यांनी १९७८ साली सामाजिक वैधतेची कल्पना मांडली: ठरवलेले ध्येय, वापरलेली पद्धत आणि झालेला परिणाम हे तिन्ही ज्यांच्या जीवनाशी निगडित आहेत त्यांना मान्य आहेत की नाहीत, हे विचारल्याशिवाय कोणताही आलेख यशस्वी म्हणता येणार नाही. ज्यांच्या जीवनाशी निगडित, यात सर्वांत आधी स्वतः मूल येते. ते बोलत नसले तरी त्याची संमती आणि नकार वाचता येतात. शिकवण्याच्या जागेकडे ते धावत येते की पाय मागे ओढते, काम संपल्यावर हसते की थिजते, हेही नोंदवायचे वर्तनच आहे. म्हणून प्रत्येक ध्येयापुढे पालकांनी एक कसोटी लावणे उचित ठरते: या बदलाने मुलाची सुरक्षितता, आरोग्य, संवाद किंवा स्वावलंबन वाढणार आहे काय, की केवळ पाहणाऱ्यांची अवघडलेली नजर निवळणार आहे? रस्ता ओलांडताना थांबायला शिकवणे पहिल्या प्रकारात येते. पाहुण्यांसमोर हात फडफडू नयेत म्हणून ते धरून ठेवणे दुसऱ्या प्रकारात येते. ‘लोक काय म्हणतील’ हे ध्येयनिश्चितीचे तत्त्व होऊ शकत नाही. या विवेकाने शास्त्र शिकलेले पालक हीच मुलाची सर्वांत विश्वासार्ह संरक्षक भिंत असते, कारण केंद्रात काय चालले आहे, ते कशासाठी आणि कोणत्या नोंदीच्या आधारे, हे विचारण्याची भाषा त्यांच्यापाशी असते. अज्ञानातून आलेली श्रद्धा मुलाचे असे रक्षण करू शकत नाही.

पालक हा शब्द वापरताना मात्र वास्तवाचे भान सुटता कामा नये. व्यवहारात हे शिक्षण बहुधा आईच घेते, नोंदी तीच ठेवते, नोकरी तीच सोडते, आणि मुलाची प्रगती खुंटली की दोषही तिच्याच पदरी टाकला जातो. पालकांना सहउपचारक करण्याच्या उदात्त कल्पनेचे रूपांतर आईला बिनपगारी तज्ज्ञ करण्यात झाले, तर जुनाच दोषारोप नव्या परिभाषेत परत येतो. शास्त्रीय दृष्टीनेही हे तोट्याचेच आहे. आईने थांबवलेला बिस्किटाचा हट्ट आजीने पदराआडून पुरवला तर विलोपन घडतच नाही, उलट अधूनमधून मिळणारे प्रबलन वर्तनाला अधिक चिवट करते, हा प्रयोगशाळेत वारंवार सिद्ध झालेला नियम आहे. एकत्र कुटुंबात म्हणूनच प्रशिक्षण एका व्यक्तीचे असून चालत नाही. वडील, आजी-आजोबा, काका-काकू, मोठी भावंडे यांना निदान एक वर्तन आणि त्यावरचा एक ठरलेला प्रतिसाद एवढे तरी समजले पाहिजे. हेच कुटुंब उलट बाजूने मोठे बळही ठरते, कारण शिकलेले कौशल्य वेगवेगळ्या माणसांबरोबर वापरून पाहण्याची, म्हणजेच सामान्यीकरणाची, सोय त्यात आयतीच असते. शिवाय पालकांना पालक म्हणूनही जगता आले पाहिजे. दिवसाचा प्रत्येक क्षण शिकवणीचा करणारी पद्धत मुलाकडून आई हिरावून घेते, आणि ती किंमत कोणत्याही कौशल्यासाठी मोजण्याजोगी नाही.

भारतात या प्रश्नाला निकड आली आहे ती गरज आणि मनुष्यबळ यांतील तफावतीमुळे. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर आठ-नऊ मुलांमागे सुमारे एका मुलात मेंदूच्या विकासाशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेताना तिला स्वतंत्र स्थान दिले. हक्क कागदावर आले, पण शिकवणारे हात त्या प्रमाणात आले नाहीत. वर्तनविश्लेषकांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकेतील मंडळानेही २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतील नव्या उमेदवारांसाठी आपले दार बंद केले, त्यामुळे कोणाच्या पात्रतेवर विश्वास ठेवावा हा पालकांपुढील प्रश्न अधिक बिकट झाला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही चांगली केंद्रे आहेत. परंतु मेळघाटातील किंवा कोकणातल्या आडगावच्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा तेथे पोहोचणेही परवडत नाही, मग चाळीस तासांची गोष्टच दूर.

या परिस्थितीत गोव्याचा एक दाखला विचारात घेण्यासारखा आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञांऐवजी खास प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाच्या संवादाला प्रतिसाद देण्याची पद्धत शिकवली. पालकांचा प्रतिसाद अधिक जुळता झाला आणि मुलांनी स्वतः होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. तो कार्यक्रम काटेकोर अर्थाने वर्तनविश्लेषणाचा नव्हता, परंतु पालकांना कौशल्य शिकवण्यासाठी प्रत्येक वेळी उच्चविद्याविभूषित तज्ज्ञच लागतो हा समज त्याने ढिला केला. जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्वसामान्य कार्यकर्त्यांच्या मदतीने चालवता येईल असा, नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी यांचा पालक-कौशल्य कार्यक्रम तयार केला आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते, जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे, आणि अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या घराघरांत पोहोचतात; या रचनेला पालकप्रशिक्षणाची जोड देणे अशक्य कोटीतले नाही. त्यासाठी मराठीत, आणि जेथे गरज आहे तेथे कोंकणी, गोंडी, कोरकू यांत, चित्रांसह साधे पाठ्यसाहित्य लागेल. मुलाला पहिली मागणी करायला शिकवायची ती घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतच शिकवली पाहिजे, कारण ज्या शब्दाला आजी प्रतिसाद देऊ शकत नाही तो शब्द मुलाला काहीच मिळवून देत नाही.

असे प्रशिक्षण कसे असावे याचे उत्तरही या शास्त्रानेच दिलेले आहे. काय करायचे ते थोडक्यात सांगणे, करून दाखवणे, शिकणाऱ्याकडून करवून घेणे आणि लगेच, नेमका, सौम्य अभिप्राय देणे या चार पायऱ्यांनी कौशल्य येते. त्यांतील पहिलीच पायरी म्हणजे सारे प्रशिक्षण असे मानणाऱ्या कार्यशाळांतून पालक टाळ्या वाजवून आणि हातात पुस्तिका घेऊन परततात, पण संध्याकाळी घरी आकांत सुरू झाला की पुस्तिका उपयोगी पडत नाही. दूरसंवादाच्या साधनांनी गृहभेटीचा काही भाग आता दुरूनही करता येतो, आणि अमेरिकेतील आयोवा येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात कार्यात्मक संवादाचे प्रशिक्षण अशा रीतीने पालकांकरवी यशस्वीपणे देता येते हे दिसले आहे. परंतु साधन कोणतेही असो, क्रम बदलता कामा नये: आधी निरीक्षण, मग कार्याचे अनुमान, मग परिस्थितीत बदल, मग पर्यायी कौशल्याची शिकवण, आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, परिणामांतील फेरफार. बाजारात मिळणारे बहुतेक सल्ले हा क्रम उलटा करतात आणि शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात, म्हणूनच ते सुरुवातीला चमत्कारासारखे वाटतात आणि महिनाभरात निकामी होतात.

पालकांना वर्तनविश्लेषण शिकवण्याच्या बाजूचा युक्तिवाद अखेरीस उपयुक्ततेपुरता मर्यादित राहत नाही. ज्ञान तज्ज्ञांपाशी आणि मूल पालकांपाशी अशी विभागणी जोवर आहे तोवर पालक परावलंबी राहतात आणि मूल दोन वेगळ्या जगांत वाढते. ते ज्ञान घरात आले की तज्ज्ञाचे स्थान मार्गदर्शकाचे होते आणि निर्णय मुलाच्या जवळच्या माणसांकडे येतो. त्या निर्णयाची जबाबदारी पेलण्यासाठी शासनाने प्रशिक्षण मोफत व जवळ उपलब्ध करणे, व्यावसायिकांनी आपल्या नोंदी आणि कारणे पालकांपुढे उघड ठेवणे, आणि स्वमग्न व अन्य दिव्यांग प्रौढांना अभ्यासक्रम ठरवताना मानाचे स्थान देणे या तीन गोष्टी अपरिहार्य आहेत. आणि अशा प्रशिक्षणाचे यश मोजताना मूल किती वेळ स्वस्थ बसले हा आकडा पुरेसा मानू नये. त्या घरात मुलाचे ‘हवे’ आणि ‘नको’ हे दोन्ही पूर्वीपेक्षा अधिक वेळा समजले जातात काय, आणि त्याचे ‘नको’ शक्य तेथे मानलेही जाते काय, याची नोंद ज्या वहीत असेल तीच वही शास्त्राच्या आणि माणुसकीच्या कसोटीला उतरली असे म्हणता येईल.